मामांच्या नावावर पाच गोळ्या

...आणि वर लोक मलाच म्हणतात, डेल्मर, तुझं काय बाबा, मजा आहे! कसली मजा हो? तुम्हाला सांगतो, माणसानं घरात काय वाट्टेल ते आणावं, पण अचूक बंदूक आणू नये, निदान दुकानातली आयती तरी आणू नये, आणि बायकोचा सख्खा मामा बंदुका बनवणारा असेल तर मुळीच आणू नये. वाईट निघाली असती तर दुसऱ्या दिवशी परत देऊन मोकळा झालो असतो, मामांसमोर ताठ मानेनं गेलो असतो, म्हणालो असतो, बघा मामा, कारखान्याचा माल, शेवटी कारखान्याचाच. पण बंदूक चांगली आहे हो, तेच तर दुखणं आहे!

आता तुम्ही म्हणाल, मग बनवून का नाही घेतली? अहो, घेतली ना! तीन वर्षं घेत होतो! वेंडेलमामा म्हणजे काय साधा माणूस वाटला तुम्हाला? शहात्तर वर्षांचे आहेत, आणि मोंटानातल्या आमच्या या अर्ध्या जिल्ह्यात घरटी एक बंदूक त्यांच्या हातची. मी त्यांना म्हटलं, मामा, गोफरांनी उच्छाद मांडलाय, गवताच्या कुरणात पाऊल ठेवायला जागा नाही, नुसती बिळंच बिळं, माझ्या तांबड्या घोडीचा पाय बिळात जाऊन मोडला, मला लांबून नेम लागेल अशी एक बंदूक बनवून द्या. गोफर केवढा, तर खारीएवढा, बिळातून डोकं काढतो, तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही चाप ओढेपर्यंत आत! त्याला मारायला बंदूक कशी पाहिजे? सुईत दोरा ओवावा तशी.

तर मामांनी आधी माझं माप घेतलं. हो, माप! शिंपी घेतो तसं. खांद्यापासून बोटापर्यंत हात मोजला, मान मोजली, गालाचं हाड मोजलं, मग म्हणाले, आता थंडीचा कोट घालून ये, पुन्हा मोजतो. मग म्हणाले, अक्रोडाचं लाकूड अजून सुकायचंय. सुकू दे. मग नळी यायचीय. येऊ दे. मग आयोनमामी आजारी पडल्या, आणि पुढच्या हिवाळ्यात गेल्याच, तेव्हा कोण विचारणार हो बंदुकीचं? तोंड उघडायची सोय नाही. तीन वसंत गेले, गोफरांच्या पोरांना पोरं झाली, माझं वजन पंधरा पौंड वाढलं, घेतलेल्या मापाला काही अर्थ उरला नाही, आणि मामांचं आपलं एकच, "डेल्मर, हातात एकच काम आहे, तुझं. घाई करणार नाही."

एकच काम. म्हणजे कळलं का तुम्हाला? मला नाही कळलं तेव्हा. मला वाटलं, म्हातारा टंगळमंगळ करतोय. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं हो. मी शेवटचा.

आणि त्या सोमवारी मी कशाला गेलो होतो शहरात? कोंबड्यांचं खाद्य आणायला! नव्वद मैलांवर. खाद्याच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर बंदुका असतात, मी नुसता बघायला गेलो, देवाशपथ नुसता बघायला. जाड नळी, प्लास्टिकचा काळा दस्ता, रूप म्हणाल तर नळाला दांडा बसवल्यासारखं. विकणारा पोरगेला माणूस, दाढी फुटायची बाकी, मला म्हणतो, "काका, ही खोक्यातून काढायची आणि मारायची." मी म्हटलं, माप? तो म्हणाला, "कसलं माप?" ...आणि तुम्हाला सांगतो, त्या दोन शब्दांनी माझा घात केला. तीन वर्षं मोजून घेतलेला माणूस मी, मला कोणी तरी पहिल्यांदाच म्हणालं की तू आहेस तसा चालशील.

मंगळवारी कुरणाच्या टोकाला शंभर यार्डांवर कागद लावला. पाच गोळ्या. जाऊन बघतो तर भोक एकच! मला वाटलं, चार कागदाबाहेर गेल्या. नीट बघितलं, तर पाचही एकाच भोकात, वर डाइमचं नाणं ठेवलं तर झाकलं जाईल एवढंसं. मी तिथंच गवतात बसलो. आनंद झाला म्हणता? झाला, खोटं कशाला बोलू, मिनिटभर झाला. मग डोळ्यांसमोर मामा आले, आणि त्यांच्या हातातली ती मोजायची पट्टी आली. घरी येऊन बंदूक कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे लपवली. आर्लिसनं, माझ्या बायकोनं, बघितली, आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. बायकोनं भांडावं हो, बघू नये. मी म्हटलं, "अगं, वाईट निघाली असती तर..." ती म्हणाली, "पण चांगली आहे ना?" चांगली आहे हो, तेच तर दुखणं आहे!

आता शहाणा माणूस काय करेल? तो कागद चुलीत घालेल. मी काय केलं? बुधवारी सकाळी ओपलच्या कॅफेत नेऊन भिंतीवर लावला! आता तुम्हाला ती भिंत माहीत आहे, दर वसंतात ज्यानं त्यानं आपापला पाच गोळ्यांचा कागद तिथं टाचायचा, खाली दोन ओळी, वरच्या ओळीत मारणाऱ्याचं नाव, खालच्या ओळीत बंदूक बनवणाऱ्याचं. तारीख लिहायची पद्धत नाही, आणि तिथंच सगळं फसलं. वरच्या ओळीत मी ऐटीत लिहिलं, डेल्मर रोस्टाड. खालच्या ओळीशी पेन्सिल अडली. कारखान्याचं नाव लिहिवेना. कोरी सोडली, दालचिनीचा रोल खाल्ला, आलो.

आणि गुरुवारी... गुरुवारी सकाळी कोण दारात? वेंडेलमामा! मामींची गोधडी दोन्ही हातांवर धरलेली, आत बंदूक. म्हणाले, "घे. झाली." तीन वर्षं नाही झाली ती तीन दिवस उशिरा झाली! अक्रोडाचं लाकूड असं चमकत होतं की त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते तोंड बघवत नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं ना? सांगा तुम्ही, सांगायला हवं होतं की नाही? तोंड उघडलंसुद्धा. पण मामांनी गोधडीची घडी घातली, काखेत मारली, म्हणाले, आयोन असती तर तिनं लाकूड पुसून दिलं असतं, मला कोपरे दिसत नाहीत आता. आणि गेले. उघडलेल्या तोंडानं मी फक्त "थांबा, कॉफी" एवढंच म्हणालो, तेही ते गाडीत बसल्यावर.

वाटेत मामांनी पेट्रोल भरलं, तिथं बोलले की डेल्मरची बंदूक पोचवली. पेट्रोल भरणाऱ्यानं ओपलला सांगितलं. ओपलनं भिंतीवर बघितलं, डेल्मरचा कागद, खालची ओळ कोरी. तिला वाटलं, विसरला असेल बिचारा. आणि तिनं तिच्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलं, वेंडेल क्वामे! वर मामांना फोन केला, की या आणि बघा, गेल्या वीस वर्षांत असा कागद लागला नाही.

मी शुक्रवारी पोचलो तर मामा कागदासमोर उभे. मामी गेल्यापासून कॅफेत पाऊल न टाकलेला माणूस, दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. चष्मा वर करून, खाली करून, कागदाला नाक टेकवून बघत होते. वळून माझ्याकडे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "मला वाटलं होतं, माझे हात गेले." बस, एवढंच. आता सांगा, यावर माणूस काय बोलेल? मी म्हणणार होतो का, की मामा, तुमचे हात गेलेच आहेत, हे प्लास्टिकचं काम आहे?  आणि तेवढ्यात चार जणांनी उठून मामांना बंदुका सांगितल्या. चार! मामांनी त्यांना लगेच मापाला बोलावलं, कोट घेऊन या म्हणाले.

त्या चौघांना आधी नेम बघायचा होता, हक्कच आहे त्यांचा. शनिवारी मामांच्या वर्कशॉपमागे सगळे जमले, मी अक्रोडाची बंदूक घेऊन आडवा झालो. आयुष्यात एवढ्या भक्तीनं कधी चाप ओढला नव्हता. पाच गोळ्या... आणि कागदावर काय? पंजा ठेवला तर झाकेल एवढा पसारा!  मामांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना, त्या इस्त्रीच्या शर्टात माणूस आतल्या आत आकसला हो. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माझाच हात हलला. काल कॉफी फार झाली."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बंदूक वाचली, मामा वाचले, मी मेलो! तीस वर्षं कमावलेलं नाव एका कॉफीत बुडालं. भिंतीवरचा कागद? तो म्हणे नशीब. आणि मामा माझ्या पाठीवर थाप मारून काय म्हणाले? "दर शनिवारी ये. शिकवतो." ज्यांना स्वतःला कागदसुद्धा धड दिसत नाही, ते मला नेम शिकवणार, आणि मी शिकणार! घरी नेम धरणारी ती काळी बंदूक पोत्यांमागे पडलेली. चांगली आहे हो, तेच तर दुखणं आहे!

गेलो. काय करता? श्वास अर्धा सोड, अर्धा रोख, डोळा मिटू नको, खांदा सैल. नऊ वर्षांच्या पोराला सांगतात ते मला, पन्नाशीच्या माणसाला. तिसऱ्या शनिवारी राहवेना. खिशातली खाद्याची पावती काढली, नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत सरकवली. मोकळी सरकायला हवी, पण सरकेना. एका बाजूनं लाकूड नळीला टेकत होतं, गोळीगणिक नळी ढकलली जात होती, कोपरा दिसला नव्हता म्हाताऱ्याला. मी हळूच म्हटलं, मामा, हे इथं टेकतंय का? ते म्हणाले, "तू श्वासाकडे लक्ष दे." पण त्या चौघांच्या बंदुकाही अशाच निघाल्या तर? त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

चौथ्या शनिवारी पावती सर्रकन आरपार गेली. मामांच्या बाहीवर अक्रोडाचा भुगा होता. मी भुग्याकडे बघितलं, मी बघतोय हे त्यांनी बघितलं. पाच गोळ्या मारल्या, नाण्याहून जराच मोठं भोक. मामा म्हणाले, "श्वास सुधारला तुझा." मी म्हटलं, हो.

आता चारही बंदुका वेळेत होतील, बाकीच्यांच्या लाकडांनाही मामा पावती लावून बघतात, मी पाहिलंय. म्हणजे सगळं सुरळीत झालं ना? मग माझ्या जिवाला चैन का नाही? कारण कुरणात जाताना मी अजून पोत्यांमागचीच नेतो हो! चिखलात घाला, गाडीत आपटा, तिचं काही बिघडत नाही, आणि अक्रोडाला ओरखडा पडला तर मी मामांना तोंड कसं दाखवू?

तर गेल्या शनिवारी मामा माझ्या कुरणावर आले. एक गोफर दिसेना. कुंपणाला टेकले आणि म्हणाले, "डेल्मर, खरं सांग. माझ्या बंदुकीहून चांगली कधी हातात धरली होतीस?"

मी खांदा सैल सोडला. श्वास अर्धा सोडला, अर्धा रोखला, डोळा मिटू दिला नाही, आणि म्हणालो, "नाही मामा."

काय करणार... शिकवणीचा तेवढा गुण मात्र आला.