आठवड्यात चारच दिवस

"तळहातापेक्षा लहान मासा घेऊ नकोस गं, ते अजून पोर असतं," असं मासळीवाल्या मावशींनी मला एकदा बजावलं होतं. मी हसून तसलेच पाव किलो घेतले. मासे किती पकडायचे यावर मतं मागवणारी सभा काल होती. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं आणि पुढच्या बाकावर दोन म्हातारे कोळी भाऊ मतांचे फॉर्म भरत होते.

"दादा, होडी आठवड्यात चारच दिवस काढायची, याला तू 'मान्य' लिहिलंस?"

"लिहिलं."

"डोकं ठिकाणावर आहे ना? उरलेले तीन दिवस भिंती बघणार?"

"जाळ्यात सगळी पोरंच येतात रे. वाढू देत की."

"ती वाढतील. तुझं काय? वहिनी गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून तर रोज पाण्यावर पळतोस."

"परवा स्वप्नात आली होती. पाण्याखालून दिवा घेऊन चालली होती. मागून हे एवढे एवढे मासे, शाळा सुटल्यावर पोरं निघतात तसे."

"काही बोलली?"

"म्हणाली, हळू वल्हवा, दमलीत पोरं."

"माझ्याकडे ये राहायला."

"तुझी बायको घोरते, तूच सांगतोस."

"मग खोडू का ते 'मान्य'?"

"राहू दे. काठाला बांधलेल्या होडीत बसेन मी."

मी बाळाचा श्वास पुन्हा एकदा पाहिला.

तुम्ही धक्क्याकडे गेलात आणि बांधलेल्या होडीत कुणी म्हातारा एकटाच बसलेला दिसला, तर जरा थांबा. जेवलात का, एवढं तरी विचारा.