शेतातला नमुना

चहा निवंस्तोर ऐका. आमच्या भंडारदऱ्याच्या अंगाला गाडीतून उतरलेला माणूस गोड बोलाय लागला, की समजायचं, ह्याला हॉटेलासाठी जमीन पाहिजे. मागल्या पावसाळ्यात कॉलेजातली एक बाई अशीच उतरली आन् थेट माझ्या शेतात आली.

"आजोबा, तुमच्या शेतातला नमुना हवा होता."

मला लिहिता-वाचता येत न्हाई, पर सात-बाऱ्याला सरकारात नमुना म्हनत्यात, एवढं ठावं हाय. म्हनलं, "नमुना तलाठ्याकडं असतो, बाई. आन् मी कुठं अंगठा द्यायचा न्हाई."

बाई हसली. "अहो, भुईआवळ्याचा नमुना. त्याच्या रसानं काविळीचा विषाणू मरतो का, ते तपासायचंय."

"काविळीला आमी तोच देतो की."

"मग सगळे बरे होतात?"

माझ्या थोरल्या भावाला दिल्ता, त्याला कुठं गुण आला? म्हनलं, "घे बाई, बघ तपासून."

तिनं चार रोपं मुळासकट उपटली आन् अलगद पिशवीत घालाय लागली. तवर बांधावर बसलेली आमची म्हातारी म्हनली,

"अवो, रोपं न्हेऊ द्या. पर मुळाची माती हितंच झटकाय लावा. जमीन अशीच थोडी थोडी जाती."