शंभर दिवसांचा कारभार

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत रक्ततपासणीसाठी थांबलेल्या विभावरीने शेजारच्या अनोळखी मराठी जोडप्याकडे कान लावले.

“श्यामला, ब्रिटनच्या नव्या सरकारचे शंभर दिवस झाले. केलं काय? नुसत्या समित्या नेमल्या!”

“अहो, हळू बोला. वेळ द्या त्यांना.”

“वर सगळं खापर आधीच्यांवर!”

“तुम्हाला मराठी मंडळाचे अध्यक्ष होऊन किती दिवस झाले?”

“ते वेगळं! आधीच्या कमिटीने घोळच एवढा घातलाय!”

“गणपती पंधरा दिवसांवर आले. हॉलचं काय?”

“समिती नेमलीय.”

नर्सने विभावरीला हाक मारली. तिने मागच्या बाईंना पुढे पाठवलं.

“हॉल मी कालच ठरवलाय,” श्यामलाबाई म्हणाल्या.

“बघ! याला म्हणतात कारभार!”