शेवटचे दोनशे दहा मीटर

नाव: सोबतच्या ओळखपत्रात आहे तेच. कारखान्यात आणि मैदानावर 'मायक्रोमीटर' म्हणतात, तेही लिहून घ्यावे. वय ५३ वर्षे ४ महिने. धंदा टर्नर, लेथवर २९ वर्षे. शिक्षण शाळेत सातवी, पुढचे स्वतःचे स्वतः. राहणार कारखान्यामागची वसाहत, इमारत ४, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. नऊ वर्षांपासून पळतो. प्रशिक्षक कधी ठेवला नाही. आजची मॅरेथॉन माझी सातवी. आधीच्या सहांतली सर्वांत चांगली वेळ ४ तास ३ मिनिटे ४० सेकंद. दोन वर्षांपूर्वी एक ट्रायथलॉनही केली. पोहायला मी एकोणपन्नासाव्या वर्षी शिकलो, त्यामुळे शेवटचा आलो. तोवर अंतिम रेषेवरची कमान उतरवून टेम्पोत टाकली होती. कमान जिथे होती त्या जागेवरून मी पळत गेलो. त्या दिवशी कोणी तक्रार केली नाही.

चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करायची, यासाठी मी चार वर्षे पहिल्या पाळीआधी, आठवड्यातून पाच दिवस पळत आलो आहे. एवढेच लिहावे. बाकीच्याचा तपासाशी संबंध नाही.

या शर्यतीचा मार्ग मीच मोजून दिला होता. पोलादी टेपने दोनशे मीटर आखून त्यावर सायकलचे चाक चार वेळा तपासले आणि मग तीन रविवार पूर्ण मार्ग मोजला. तो कागद मी आयोजक मंडळाच्या सचिवांना दिला. "काका, हल्ली घड्याळात सगळं कळतं," असे ते म्हणाले; पण किलोमीटरच्या पाट्या त्यांनी माझ्या कागदावरूनच लावल्या. कागदात लिहिले होते की, कालव्याच्या रस्त्यावर परत वळण्याचा शंकू दिव्याच्या खांब क्रमांक ११४ ला ठेवावा.

आज सकाळी ५.३० ला शर्यत सुटली. वळणावर पोहोचलो तेव्हा शंकू खांब क्रमांक १११ ला होता. तिथे झाडाची सावली आहे आणि पाण्याचे टेबल सावलीत लावले होते. शंकूही टेबलाबरोबर सावलीत आला होता. मी स्वयंसेविकेला म्हणालो, "पोरी, हा इथला नाही." ती म्हणाली, "काका, पाणी प्या आणि वळा, मागे गर्दी होतेय." एकोणतिसाव्या किलोमीटरला माणसाचा स्वतःच्या डोक्यावर पूर्ण भरवसा नसतो. मी वळलो. एवढी चूक माझी आहे, ती लिहावी.

३५ किलोमीटरच्या पाटीपाशी मी माझ्या हिशेबापेक्षा १ मिनिट १२ सेकंद आधी पोहोचलो. मी तिसाव्यानंतर हळू होतो, लवकर कधी येत नाही. दोन खांबांत ३५ मीटर अंतर. तीन खांबांचे १०५, जाऊन-येऊन २१०. तिथून पुढचे सात किलोमीटर काय करायचे ते माझे ठरलेले होते.

कमानीखालून गेलो तेव्हा वेळ ३ तास ५८ मिनिटे ५१ सेकंद. कमानीवरच्या घड्याळात सर्वांनी पाहिली. एक स्वयंसेविका पदक घेऊन पुढे आली, म्हणाली, "काका, संपली शर्यत!" मी म्हणालो, "तुमची संपली. माझी दोनशे दहा मीटर बाकी आहे." पत्नी माझ्या चपला घेऊन उभी होती. ती ओरडली, "अहो, आता कुठे निघालात? घर त्या बाजूला नाही!"

पुढे बॅरिकेड होते, ते मी ओलांडले. नंतर फोटोवाले, पाहुण्यांचे स्टेज आणि वाहनतळ. माझा कोणालाही धक्का लागला नाही. पदकांचे टेबल मी पाडले असे सचिवांनी माझ्याविरुद्धच्या तक्रारीत म्हटले आहे, ते खोटे आहे. सचिव माझ्यामागे धावले आणि टेबलाच्या कापडात त्यांचा पाय अडकला. ते बारा-पंधरा पावले धावले असतील. त्यांची वेळ मी घेतली नाही.

दोनशे दहा मीटर पुरे झाले तेव्हा माझ्या घड्याळात ४ तास ० मिनिटे ७ सेकंद झाले होते. बॅरिकेडला पाचेक सेकंद गेले असतील. ते वजा केले तरी चार तासांच्या आत बसत नाही, आणि मी ते वजा करत नाही. ३.५८.५१ चे प्रमाणपत्र मला देऊ केले होते, ते मी घेतले नाही.

पत्नी म्हणाली, "घ्यायचं होतंत हो. मोजायला कोण बसलंय?" मी म्हणालो, "मी बसलोय ना." तिने माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, कारण मला वाकता येत नव्हते.

सचिव ठाण्याबाहेर माफीपत्र घेऊन थांबले आहेत. थकव्याने भान गेले होते, मार्गाबद्दल तक्रार नाही, असे त्यात टाइप केले आहे. सही केली तर तक्रार मागे. नाहीतर गुन्हा, आणि त्यांच्या कुठल्याही शर्यतीत मला कायमची बंदी. ते म्हणाले, "काका, अकराशे लोकांच्या वेळा रद्द होतील. लोक तुमच्या दारात येतील." येऊ देत. जिन्यालगतचीच खोली आहे, सापडेल. सर्वांना खांब दाखवायला मी घेऊन जाईन. डोळ्यांवर कातडे ओढून मी आजवर एकही माप दिलेले नाही, आणि हे तर माझ्या स्वतःच्या पायांचे आहे. माफीपत्रावर मी सही करणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. बॅरिकेड ओलांडल्याच्या वाक्यात त्यांनी माझ्या भल्यासाठी 'चुकून' असा शब्द घातला होता. तो माझ्या सांगण्यावरून खोडला असून, खोडलेल्या जागी मी पूर्ण सही केली आहे.