टोपीतला दाखला

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो. तुम्ही माणूस आहात, हे कशावरून? हसताय काय! पुरावा आणा!

नाही ना? मग ऐका. अमेरिका देश, दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथं माणसांचा बाजार भरायचा. बैलाचे दात बघावेत तसे बाईचे दात बघायचे! नाकं मुरडू नका — आपल्याकडंही पेशवाईत बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकल्या जायच्या!

तिथला आमोस नावाचा एक डॉक्टर. हा व्यापार कसा चालतो ते गावोगाव फिरून लिहून घ्यायचा — पुस्तक छापायचं, जगाला कळू द्यायचं! एका रविवारी रस्त्यात भेटला टर्पिन व्यापारी. स्वतः घोड्यावर, मागं साखळीत बारा माणसं. आणि साखळीला चिंध्या गुंडाळलेल्या! का? तर गावात प्रार्थना चाललीय, खळखळाटानं देवाचं लक्ष उडायला नको! काय हा भक्तिभाव!

आमोसनं वही काढली. टर्पिनला वाटलं, आपल्यावर पोवाडा रचतोय! मिशा पुसून उतरला की खाली!

"लिहा डॉक्टर! ही केझाया. गुलाम नाही बरं का, स्वतंत्र बाई! तसा सरकारी दाखला होता तिच्याकडं. अंगणात कपडे वाळत घालत होती — उचलली! दाखला इथं, माझ्या टोपीत!"

"फाडला नाहीत?"

"फाडू कशाला? दोस्तांना दाखवतो की!"

"बरं. खाली सही करा."

केली! वर म्हणतो, "नाव मोठ्या अक्षरात छापा!"

केझाया म्हणाली, "डॉक्टर, माझी तीन वर्षांची लेक दारात उभी होती. उद्या मला जहाजात चढवतील. तुमचं पुस्तक निघेल कधी?"

आमोसला लाज वाटली. रविवार असला तरी तडक न्यायाधीशाच्या घरी जाऊन अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कोर्टात उभे. न्यायाधीश विचारतो, "साक्षीदार?"

"मी," केझाया म्हणाली.

"काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही."

"साखळीतले हे अकरा जण?"

"तेही चालत नाहीत."

शंभर मैल चालवत आणलेली माणसं, मंडळी — आणि कोर्टात एकही चालेना!

मग आमोसनं वही पुढं केली. "टर्पिन, ही सही तुझी?"

"माझीच!" छाती फुगवून सांगतोय! "नाव मोठं येणार आहे!"

"टोपी काढ," न्यायाधीश म्हणाला.

"सर्दी झालीय, साहेब!"

शिपायानं काढली. दाखला पडला! टर्पिनचीच साक्ष, टर्पिनच्याच विरुद्ध! केझाया सुटली, लेकीला जाऊन बिलगली.

आणि ते अकरा? त्यांच्याकडं दाखला नव्हता. ते गेले जहाजात. पुस्तकात त्यांची नावं तेवढी राहिली. इथं मला विनोद सुचत नाही, मंडळी. सुचू नये.

टर्पिनला पोटभर हसलात ना? आता सांगा — घरकामाला परगावाहून आणलेली ती पोरगी, तिचं आधार कार्ड कुणाच्या कपाटात आहे? "हरवेल म्हणून आम्हीच ठेवलंय!" हो ना? ती घरी जाते म्हणाली, तर लगेच काढून देता का हो?

पायाकडं काय बघताय! पेटीवाले, तुम्हीसुद्धा?

टोपी काढा, मंडळी. हा मी माझा फेटा उतरवला. बघू, कुणाच्या डोक्यावरून काय पडतंय!