लाल टोकाच्या खुट्या

नाई वो शुभांगी मॅडम, मी काहून उपटीन? डुकरं येतेत इकडे. आता तुमी मनता का डुकरं खुट्या उपटतेत आन भेदऱ्याचं, तुमच्या टमाट्याचं, रोप तसंच उभं ठेवतेत, कसं — मले काय मालूम, डुकरायलेच इचारा. बसा त्या बाजीवर. चहा नाई ठेवत मी, आधीच सांगून राहिली. कोणालेच नाई ठेवत.

मले एक सांगा, नागपुरात माती नाई का? दर आयतवारी गाडीत भरून तीस लेकरं आनता, इथं, आमच्या पुनर्वसनाच्या गावात, माह्या दाराम्होरच्या मोकळ्या जागेत — आन शिकवता काय, तं भेदरे कायले लागतेत, भाजी कुठून येते. हे कोणी पदरचे पैशे लावून शिकवते का? शिकवते तं त्याच्या पोटात काई तरी असते. त्या दिवशी मी मनलं, कोपऱ्यात सांबार टाका, तं एक पोट्टं हासाले लागलं — आजी, सांबार तं इडलीसंग असते. मी धने ठेवले त्याच्या हातावर, मनलं, दातानं फोड, आता वास घे. हुंगतच राहिलं. हासून नोका राहू, मी तुमच्या बाजूची नाई. लेकरं दारात येतेत तं बोला लागते. वालाचं बी देल्लं ते बी त्या तृप्तीनं मांगतलं मनून. जुन्या गावच्या बाडीतलं बी हाय ते, पदराच्या गाठीत बांधून आनलं होतं, दरसाली लावतो मनून टिकलं. बम इचारते ती पोट्टी. गाव कुठं हाय, मनते. मी मनलं, पान्याखाली.

मंग काल तुमची गाडी गेली आन मी पायलं — वाफ्यावाफ्यात खुट्या. ओळीनं. लाल टोकाच्या. मले लिवता-वाचता येत नाई, पन लाल खुटी मले बराबर वाचता येते. जुन्या गावात अशाच ठोकल्या होत्या. साहेब मनले, काई नाई बाई, नुसती मोजणी हाय. मोठे गोड बोलत, तुमच्यासारखेच. मी चहा ठेवला, साखर जास्ती टाकून. आन माह्या मालकानं फित्याचं दुसरं टोक धरलं — आपल्याच धानाच्या बांधीत, आपल्याच हातानं, हासत हासत. मंग धरणाचं पानी आलं. मरेपर्यंत एकच गोठ होती त्यायची, रत्ना, तवाच उपटून फेकाले पायजे होत्या. दुधानं पोळलं मानूस ताक बी फुकून पेते, मॅडम. हे घर गेलं तं मी कुठं जाऊ? दुसऱ्यांदा उठाची ताकद नाई माह्यात.

तं उपटल्या. हो, मीच उपटल्या, झालं समाधान? पाटेच, लोकं उठाच्या आधी, आन चुलीत घातल्या साऱ्या. आंघोळीचं पानी तापलं त्याच्यावर. रोपायची नावं होती, मनता? लेकरायनं लिवली? सारेच असं काई तरी मनतेत. बरं, एक ओली होती, पेटली नाई, ते पाहा चुलीच्या मांगं पडली. घ्या. वाचा. पन जे लिवलं तेच वाचा, मनचं नोका सांगू.

काय?

पुन्हा वाचा. — "रत्ना आजीचा वाल." आन खाली काय हाय ते, बारीक? — मोहटोला? मोहटोला लिवलं हाय? बोट ठेवा, कुठं लिवलं. इथून इथपर्यंत मोहटोला हाय का हे? एकदाच सांगतलं होतं मी त्या तृप्तीले जुन्या गावाचं नाव, वाल सोलता सोलता. इथल्या पाटीवर बी नाई ते नाव. माह्या नातवायले बी येत नाई.

द्या इकडे. नाई, राहू द्या माह्यापाशी, टोचते तं टोचू द्या. जा तुमी आता. लेकरायले सांगा, डुकरं होते मनून. त्या तृप्तीले बी डुकरंच सांगा. आन बाकीच्या खुट्यायवर काय लिवलं होतं — नाई, नोका सांगू. जा मनलं ना.