पातळ पेज

(निपाणी, १९३८. धोंडूबाईंचा धाकटा मुलगा सुकुमार मुदतीच्या तापातून उठलाय, पण पातळाशिवाय घशाखाली काही उतरत नाही. चुलीपाशी त्या आणि त्याची बायको चंदना. सकाळपासून दोघींचं बिनसलंय.)

चंदना : आत्याबाई, परत उकळलंत? बघा, पळी उभी राहतीय.

धोंडूबाई : मग पाणी घाल वाईच.

चंदना : पाणी घालून घालूनच त्यांची हाडं वर आलीत. पोटात नाचणी जायला पाहिजे, पर पिता आली पाहिजे. म्हणून तर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मोडाच्या नाचणीचं पीठ सांगितलं. चमचाभर ढवळलं की घट्ट पेज सैल होती.

धोंडूबाई : कुठं झाली? काल न्हाय, आज न्हाय.

चंदना : काल तुम्ही ताक ओतलंत. आंबटात ते पीठ काम करत न्हाय. त्याच्या आधी मी गार पेजेत घालून वाट बघत बसले, ती माझी चूक. आन् आज तुम्ही उकळत्यात टाकलंत. उकळीत ते मरतंय ओ.

धोंडूबाई : मरतंय म्हंजे, जितं हाय त्यात? जैनाच्या घरात मोड आलेलं धान्य आणलंस, तरी गप बसले. पर कच्चं पीठ मी पोराला देणार न्हाय.

चंदना : जीव न्हाय, गुण मरतोय. किती येळा सांगू? त्यांना उठून बसवत न्हाय आन् आपण हितं भांडतोय. लई कट्टाळले मी.

धोंडूबाई : नेमिनाथ गेला तवा तू या घरात न्हवतीस. माझा थोरला. ओढ्याचं कच्चं पाणी प्याला, दुसऱ्या दिशी पटकीनं गेला. तवापासनं न उकळलेलं काय बी सुकुमारच्या तोंडाला लावलं न्हाय मी.

चंदना : ...मग मागनं उकळा.

धोंडूबाई : मागनं?

चंदना : आधी नुसती पेज शिजवून खाली उतरवायची. बोट लावून पटकन काढावं लागंल, एवढी कढत असताना पीठ ढवळायचं आन् झाकायचं. सैल झाली की परत चुलीवर. मग घट्ट होत न्हाय. बाईंनी सांगितलं हुतं, भांडायच्या नादात माझ्याच ध्यानातनं गेलं.

धोंडूबाई : नव्यानं शिजव तर. बोट मी लावते.

चंदना : लावा. ...हं, ढवळलं पीठ. आता झाका. आन् हात चुलीकडं नेऊ नका.

धोंडूबाई : न्हाय नेत. ...अगं, पळीला हलकी लागतीय.

चंदना : आता उकळा, पायजे तेवढं.

धोंडूबाई : खळाखळा उकळू दे. मी हितंच बसते, मला अजून भ्या वाटतंय. ...सुकुमार, ऊठ रं बाळा. तोंड फिरवू नगंस. पाणी न्हाय, पेज हाय.